थोरल्या जावयाची कुपी

खाकी उतरवून दोन वर्षं झाली, तरी भोकरचं धोंड्याच्या जेवणाचं ते प्रकरण डोक्यातून जात नाही. गुन्हा काही मोठा नव्हता. पण त्यात मी स्वतः जसा उघडा पडलो, तसा नोकरीभर कधी पडलो नव्हतो.

अधिक महिना चालू होता. सकाळी नांदेडच्या एका खासगी दवाखान्यातून ठाण्यात फोन आला. तिथलेच छप्पन वर्षांचे एक शिक्षक बेशुद्धावस्थेत दाखल झाले होते. आदल्या दुपारी ते आमच्या हद्दीत, भोकरला सासरवाडीत धोंड्याचं जेवले होते. नंतर उलट्यांवर उलट्या, आणि पहाटे रक्तातली साखर एकदम खाली गेलेली. विषबाधेचा संशय होता. जबाब घ्यायला मी हवालदाराला पाठवलं. शिक्षकांच्या बायकोने सरळ आपल्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव घेतलं.

"ताकाचा गिलास त्यांनीच दिला. ह्या दोघा साडूंचं कधी जमलंच न्हाई साहेब. पोटात काय गेलंय ते कळाल्याबिगर विलाज कसा करावा, म्हणून राहिलेत डॉक्टर."

हे थोरले साडू लातूरचे भुसार व्यापारी. अजून सासरवाडीतच मुक्कामाला होते. बोलावल्यावर पायऱ्या दोन-दोन चढत ठाण्यात आले. मी वय विचारलं. म्हणाले, एकसष्ट. मी आधार कार्ड मागून घेतलं आणि दोनदा वाचलं. केस दाट, गळ्याला सुरकुती नाही, शर्ट पोटाशी सपाट. मी तेव्हा सत्तावन्नचा. गुडघे बोलायचे, पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलेलं. खरं सांगतो, त्या माणसाला बघून माझा जळफळाट झाला. गुन्हा यानेच केलेला असावा, असं मला त्याच मिनिटाला वाटायला लागलं.

सासरच्या मंडळींकडे चौकशी केली, तेव्हा जेवणात काय घडलं ते कळलं. दोघे जावई शेजारी-शेजारी पाटावर बसलेले. घरात नवी सून आलेली. तिला सांगितलं होतं, आधी थोरल्या मामांच्या, म्हणजे मोठ्या जावयांच्या, पाया पड. ती बिचारी सरळ मास्तरांपुढे वाकली. मास्तर पाच वर्षांनी लहान, पण दिसायला सत्तरीचे. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. थोरले म्हणाले, "घ्या मास्तर, मोठेपणा तुम्हीच घ्या." मास्तर ताटावरून उठायला लागले, तेव्हा समजूत काढायला म्हणून थोरल्यांनी ताकाचा पेला पुढे केला होता.

मला एवढं पुरेसं वाटलं. तीन तास त्यांना बाकावर बसवून तेच-तेच विचारलं. चहासुद्धा दिला नाही. ते शांतपणे म्हणत राहिले, "ज्वारीची भाकर अन् रोजचं फिरणं, एवढंच माझं. कुणाला विष कशाला घालू?" मी अटक करायचं ठरवलं. पुरावा नव्हता, घाई तेवढी होती.

कोठडीत टाकण्याआधी अंगझडती घ्यावी लागते. हवालदाराने त्यांचा शर्ट वर केला आणि मला हाक मारली. त्याच्या आईला मधुमेह होता. "साहेब, बेंबीच्या भवती टोचल्याचे ठिपके हायेत. साखरेवाल्याला असतेत तसे."

"साखर आहे का तुम्हाला?"

"न्हाई."

"मग टोचता काय?"

तो माणूस पहिल्यांदा म्हातारा दिसला. त्याने हवालदाराला बाहेर पाठवायला सांगितलं.

"पेप्टाइड म्हणतेत त्याला. दीड वर्ष झालं. नांदेडचा एक वेलनेस सेंटरवाला देतो. म्हणला, वय मागं जातंय."

"कुपी कुठाय?"

"सासऱ्याच्या फ्रिजच्या दारात ठेवली होती, सेंटरच्याच जाहिरातीत गुंडाळून. काल समदे जेवून पडल्यावर बघितली, तर रिकामी."

"कुणी घेतली?"

"मास्तर इन्सुलिन घेतो. सुई कायम पिशवीत असते त्याच्या."

"म्हणजे तुम्हाला कालपासून माहीत होतं?"

"हाव."

"अरे, तिकडे माणूस मरायला टेकलाय!"

"साहेब, आख्ख्या सासरवाडीला भाकर अन् फिरणं सांगत आलो. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांना धागा मिळाला. मास्तरांनी थेंबभर घ्यायचं औषध आपल्या इन्सुलिनच्या मापाने भरून घेतलं होतं. त्यात पोटात अन्न ठरेना, आणि रोजचं इन्सुलिनही सवयीने टोचलेलं. दोन दिवसांनी ते शुद्धीवर आले. बाकावरचे ते तीन तास मात्र माझे होते. अंगझडती आधी झाली असती, तर डॉक्टरांना तेवढं आधी कळलं असतं.

सेंटरवर औषध निरीक्षकांना घेऊन छापा टाकला. फ्रिजमध्ये बिनलेबलच्या कुप्या, भिंतीवर तरुण चेहऱ्यांचे फोटो. चालवणारा डॉक्टर नव्हता, आधी औषधं विकत फिरायचा. पंचनामा चालू असताना माझ्या चालण्याकडे बघून हळूच म्हणाला, "साहेब, गुडघ्याचं पण येतं यात." मी त्याला झापलं. पण कुप्यांना लाखेचं सील लावताना माझी नजर त्यांच्यावरून हलत नव्हती, हे पंचांच्या लक्षात आलं असणार.

मास्तरांचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. आधी नाकबूल झाले, मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सहा महिने ज्वारीची भाकर खाल्ली साहेब मी. रोज विष्णुपुरीकडं चालत गेलो. काय फरक पडला? अन् सासऱ्याच्या फ्रिजात ह्याची ही बाटली निघाली, वय कमी करायच्या जाहिरातीत गुंडाळलेली." सही करून कागद परत देताना त्यांनी माझा हात धरला. नाकात नळी, आवाज जेमतेम.

"त्याच्या समद्या बाटल्या जप्त केल्या ना? एक बी मागं ऱ्हायली न्हाई ना?"

मी हो म्हणालो. ते डोळे मिटून शांत पडले.

तेव्हा त्यांच्यावर मनातल्या मनात हसलो होतो. या प्रकरणाने मला शिकवलं ते असं, की आरोपीकडे बघताना आपल्याला त्याचं काय खुपतंय, हे अधिकाऱ्याने आधी स्वतःला विचारावं. शिकलो, पण सुधारलो असं म्हणवत नाही. मागच्या महिन्यात लातूरच्या भाजी बाजारात ते व्यापारी दिसले. केस पांढरेफटक, पोट सुटलेलं, एका हाताने गुडघा दाबत उभे. मी मुद्दाम जवळ जाऊन तब्येत विचारली, आणि घरी येईपर्यंत माझे गुडघे एकदाही दुखले नाहीत.