आवाज बंद करून पाहणारी

विद्यार्थी तिला पाठीमागे ‘मूकपट’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. विद्यापीठाच्या माध्यम विभागातल्या टोकाच्या खोलीत पडदे ओढून ती जुन्या बातम्या पाहत बसे. आवाज पार बंद करून. आवाज असला की माणूस शब्दांच्या मागे लागतो, असं तिचं म्हणणं. तो घालवला की दिसतं, कॅमेरा कुणाच्या जवळ आहे, कुणाला मध्येच तोडलं. बाई, सत्ता आणि पडदा, एवढ्यावरच तिनं उमेदीची वर्षं घातली होती.

पुस्तक आता छापायला जायचं होतं. अडलं होतं एका प्रकरणापाशी, आणि ते तिच्या सख्ख्या बहिणीवर होतं.

ताई वृत्तनिवेदिका. एकेकाळी पडदाभर तिचाच चेहरा असे. मग शेजारी एक तरुण निवेदक आला. ताई हळूहळू कडेला सरकली. केस पिकले, आणि एक दिवस ती दिसेनाशीच झाली. शिरस्त्याप्रमाणे प्रकरणात नाव नव्हतं. नुसती ‘निवेदिका क’. पण ताईनं नको म्हटलं तर ते गाळायचं, असं तिनं ठरवलं होतं. गाळलं तर पुस्तकाचा कणाच जाणार होता.

ताईनं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सगळं वाचलं. चहा निवला. धाकटी उगाच ओटा पुसत राहिली.

“मलाच माझी कीव आली गं,” चष्मा काढत ताई म्हणाली. “मेलेल्या माणसावर लिहावं तसं लिहिलंयस.”

“खोटं आहे का काही?”

“नाही. काढलंच मला. मेकअपच्या खोलीत ढसाढसा रडले. पण पुढचं कुठाय?”

“पुढे तू दिसत नाहीस.”

“दिसत नाही म्हणजे संपले? संपादकांच्या दारात ठाण मांडून बसले मी. चेहरा नको ना, मग बातम्या मी लिहिणार, क्रमही मीच लावणार, म्हटलं. आज त्या पोराच्या तोंडी माझी वाक्यं असतात. आवाज लावला असतास तर ओळखली असतीस, शहाणे.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“तू विचारलंस कधी? भेटलीस की फार वाईट झालं म्हणत पाठीवरून हात फिरवायचीस.”

धाकटीच्या हातातलं फडकं थांबलं.

“म्हणजे छापू नको?”

“छाप. पण अर्धं नको. वाक्यं माझी आणि पडद्यावर नाव त्याचं, हेही लिही. आणि तो ‘क’ काढ, शाळेतल्या तुकडीसारखा वाटतो. माझं नाव घाल.”

“तुला नोकरीत त्रास झाला तर?”

“होऊ दे. बातमी झालीच, तर क्रम लावायला मी आहेच.”

दुसऱ्या दिवशी टोकाच्या खोलीतून आवाज आला, तसे विद्यार्थी दाराशी थबकले. आत तो तरुण निवेदक एका खचलेल्या पुलाबद्दल सांगत होता. एक लांबलचक वाक्य, मग एकदम तोकडं. लहानपणी ताई धाकटीची चुगली आईला अश्शीच सांगायची.

तिनं बातमी मागे नेली. आवाज आणखी वाढवला.