कमलबाईंच्या दुकानाची नोंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी अडखळत बोलतो. तरी आठ वर्षं यवतमाळच्या एका एजन्सीसाठी दुकानोदुकानी फिरून चहापत्तीच्या ऑर्डरी घेतल्या. मग एकदा आमचे सुपरवायझर सुधाकरराव यांनी भर मीटिंगमध्ये माझी नक्कल केली — च-च-चहापत्ती — सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून मला ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसवलं, आणि माझा झरीचा रूट त्यांनी स्वतःकडे घेतला.

पुढे एआय असिस्टंट आला. दुकानात शिरण्याआधी तो फोनवर सांगणार — इथे काय खपतं, मालक कसा आहे, बोलणं कुठून काढायचं. त्याच्यात ही माहिती भरायचं काम माझ्याकडे आलं. दोन महिने खरी माहिती भरली. सुधाकरराव त्याच्यावर पुरते विसंबले. मी याचीच वाट पाहत होतो का? — हो. पाहतच होतो.

झरीकडच्या एका गावात कमलबाईंचं दुकान आहे. त्यांचा नवरा नुकताच वारला होता. रूटवरच्या जुन्या ओळखीतून मला कळलं होतं — मलाच, ऑफिसात आणखी कुणाला नाही. मी त्यांची नोंद उघडली आणि लिहिलं : नवऱ्यावरून थट्टा केली की बाई खूश होतात, ऑर्डर मोठी देतात.

चुकून नाही. दोनदा वाचलं, मग सेव्ह केलं.

सुधाकरराव भरल्या दुकानात हसत म्हणाले, "काय बाई, बुढ्याले कुठं लपवून ठेवलं?" कमलबाई मटकन खाली बसल्या. त्यांच्या दिरानं सुधाकररावांना कॉलर धरून रस्त्यावर काढलं. मालाच्या गाडीच्या ड्रायव्हरनं हे सांगितलं तेव्हा मला — कसं सांगू? — आनंद झाला. घरी जाताना जिलबी घेतली.

नोंद मी लगेच पुसली. विचारणा झाली तेव्हा म्हणालो, मशीन आहे, चुकतं कधी कधी. सगळ्यांना पटलं. सुधाकररावांचा रूट गेला. तो मला परत मिळाला.

पहिल्याच फेरीत कमलबाईंनी विचारलं, "भाऊ, त्या मानसाले काहून काढलं? त्याले कुठं माईत होतं?"

मी वही काढली आणि विचारलं, छोटी पाकिटं किती देऊ?

सुधाकररावांचं मला अजूनही वाईट वाटत नाही. पण त्यांना खाली पाहायला लावायचं म्हणून मी एका बाईचं ताजं दुःख वापरलं. माहीत असून वापरलं.