सही करून कळवावे

शेरेबाईंना हसताना पाहिलेला माणूस भांडुपमध्ये मला अजून भेटलेला नाही. त्या माझ्या नववीच्या वर्गशिक्षिका. गणित शिकवायच्या आणि मुलांच्या डायरीत लाल पेनाने शेरे मारायच्या, म्हणून शेरेबाई. खरं आडनाव बहुतेक पगारपत्रकालाच ठाऊक असावं.

हल्ली आम्हा शिक्षकांना मुलांच्या मानसिक स्वास्थ्याचं प्रशिक्षण देतात. होय, मीही शिक्षिका झाले, चारकोपला. वाट लागायची ती अशी लागते. एसी हॉल, समोसा, आणि टाय लावलेले एक गृहस्थ सांगतात, "मुलांच्या डोळ्यांत बघून बोला." शेरेबाई डोळ्यांत बघायच्या तेव्हा अख्खा वर्ग फरश्या मोजायचा. समोसाही नव्हता.

बाकीचे शिक्षक डायरीत मुलांची तक्रार लिहायचे. बाई पालकांची लिहायच्या. "मुलगी दुसऱ्या तासाला पेंगते. घरचा टीव्ही किती वाजता बंद होतो? सही करून कळवावे." एकाच्या क्लासवेड्या वडिलांना लिहिलं होतं, "मुलगा आज तीनदा हसला. काळजीचं कारण नाही. सही करून कळवावे." पालकसभेला आईबाप मागच्या बाकांसाठी भांडायचे.

शाळेच्या गेटवर भलामोठा फ्लेक्स होता: दहावीचा निकाल, सलग शंभर टक्के! युक्ती झकास होती. जे नापास होतील असं वाटायचं, त्यांना नववीतच प्रेमाने निरोप द्यायचा. सतरा नंबरचा फॉर्म भरा, दहावीला बाहेरून बसा, नापास झालात तर तुमचे तुम्ही. त्या वर्षीच्या यादीत पहिलं नाव माझं होतं. आयुष्यात एकदाच पहिली आले, ती अशी.

मुख्याध्यापकांनी आईला आणि मला बोलावून "तिच्याच भल्यासाठी" वगैरे समजावलं. आई मालवणकडची, साहेब माणसाला नाही म्हणणं तिला जमायचं नाही. "सर सांगतत म्हणजे बऱ्यासाठीच सांगत असतले," म्हणाली आणि मान डोलावली. आमच्या डोंगरावरच्या वस्तीत बाहेरून बसलेल्या दोन मुली मला ठाऊक होत्या. एकीचं लग्न झालं होतं, दुसरीचं ठरलं होतं.

यादीवर वर्गशिक्षिकेची सही लागायची. बाईंना तिथेच बोलावण्यात आलं. त्यांनी यादी वाचली.

"करते सही. आधी त्या फ्लेक्सवर शंभर टक्क्यांच्या खाली लिहून घ्या, निवडक मुलांचा."

"बाई, शाळेच्या नावाचा प्रश्न आहे."

"नाव दगडात कोरलंय सर, ते कुठे जात नाही. पोरगी जाईल."

सही झाली नाही.

मला वाटलं, आता बाई जवळ घेतील, पाठीवरून हात फिरवतील. कसलं काय! "रडणं झालं असेल तर सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय करतेस ते लिहून आण," म्हणाल्या. आमची शाळा दुपारची. मी लिहिलं: पाण्याचे सात हंडे, भावाची आंघोळ, त्याला बालवाडीत सोडणं, भात, आमटी, भांडी. बाईंनी त्याखाली बाबांसाठी लाल पेनाने लिहिलं, "यादी वाचली. यात अभ्यास कुठे आहे ते मला सापडलं नाही. आपल्याला सापडल्यास खूण करावी आणि सही करून कळवावे."

बाबांनी तो कागद दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी हंडा घेऊन स्वतःच नळावर उभे! "काय रे, बायलेन कामाक लावल्यान काय?" शेजारी ओरडले. बाबांनी दुसरा हंडा नळाखाली लावला. सातही हंडे त्यांनीच भरले.

तेवढ्या वेळात मी शाळेत, बाईंसमोर समीकरणं सोडवत बसलेली. वहीशेजारी पोळीभाजीचा डबा. "उरलीये, टाकवत नाही म्हणून देतेय," बाई म्हणायच्या. वर्षभर रोज कशी काय उरते, हे विचारायची माझी छाती नव्हती.

आणि एवढं सगळं होऊन दहावीला मी गणितात नापास झाले. हो, झाले. बाईंच्या कष्टांचं अगदी चीज केलं! फ्लेक्स उतरला. स्टाफरूममध्ये बाईंशी कुणी धड बोलेना म्हणे. मी घरात पांघरूण ओढून पडले होते. तिसऱ्या दिवशी बाई धापा टाकत आमचा डोंगर चढून आल्या.

"एक पोरगी नापास झाली म्हणून शाळेची भिंत पडलेली नाही, येताना बघून आलेय. मग तू का पडून आहेस? जुलैत परत परीक्षा आहे. उद्या सकाळी ये. वही आण, रडं आणू नकोस."

जुलैत सुटले. पेढे घेऊन गेले तर "मला साखर आहे, कळत नाही का गं?" म्हणून खेकसल्या आणि दोन खाल्ले.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शोकसभेत तेच मुख्याध्यापक, आता निवृत्त, गहिवरून म्हणाले, "शाळेच्या शंभर टक्के निकालात बाईंचा सिंहाचा वाटा होता." मला हसू फुटलं, आणि मग रडू आवरेना. फार आठवण आली त्यांच्या त्या लाल पेनाची.

परवा माझ्या टेबलावर एक यादी आली. नववीतली चार नावं, खाली वर्गशिक्षिकेच्या सहीसाठी जागा. टायवाले गृहस्थ याबद्दल काही बोलले नव्हते. मी अजून नोकरीत कायम झालेली नाही. आधी निळं पेनच हातात घेतलं होतं, खोटं कशाला सांगू? चारही नावं सावकाश वाचली आणि सहीच्या जागेत लाल पेनाने लिहिलं, "यादी वाचली. मुलं वर्गातच राहतील. मुख्याध्यापकांनी सही करून कळवावे."