वाचली, सोडली

गेल्या वर्षभरात वाचलेल्या कादंबऱ्यांपैकी निम्म्यांत नायिका खिडकीत बसून कॉफी पिते. हातात मग, बाहेर आकाश आणि मनात काहीतरी तुटलेलं. दर प्रकरणाला एक कप. एवढी कॉफी ढोसून त्या बाईला पित्त कसं होत नाही, हे एकाही लेखकाने सांगितलेलं नाही. मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहते. माझ्या खिडकीसमोर जीन्स शिवायचा कारखाना आहे, खिडकी उघडली की निळा कचरा आत येतो. आमच्या नायिकेला इथे बसायचं असेल तर मगाच्या आधी फडकं घेऊन यावं लागेल.

मी काही मोठी वाचक नव्हे. दुपारचं आवरलं की आडवी होते, पुस्तक धरते, डोळा लागतो, पुस्तक नाकावर पडतं, जाग येते, पुढचं पान. वाचायची पद्धत एवढीच. मत मात्र माझं प्रत्येक कादंबरीबद्दल असतं, आणि ते पोटात राहत नाही. आमचे हे म्हणतात, "पुस्तक अर्धं वाचतेस आणि मत दीड देतेस." म्हणेनात का. यांनी रिटायर झाल्यापासून पेपरातल्या कोड्यापलीकडे काही वाचलेलं नाही.

माझी मतं पोचतात ती एकाच माणसाकडे, आणि ते माणूस ती ऐकून घेत नाही. माझी नणंद. यांची थोरली बहीण, बदलापूरजवळ जांभूळला असते. शेतातली बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा आणि सून जवळ आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा वन्संनी माझ्या हातची पहिली भाकरी उलटीपालटी करून बघितली, ताटाखाली सारली आणि नुसता भात खाल्ला. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं. भांडण असं कधी झालं नाही. भांडायलासुद्धा थोडी जवळीक लागते.

मग त्यांचे गुडघे गेले. शेतावर जाणं बंद झालं, घरात बसणं नशिबी आलं. एकदा आमच्याकडे आल्या असता माझ्या उशाजवळचं पुस्तक हातात घेऊन म्हणाल्या, "हे तू काय वाचत असतेस गो? एखादं दे मला." मला वाटलं, परत येईल तेव्हा हळदीचे डाग पडून येईल. चौथ्या दिवशी यांच्या फोनवर निरोप, दुसरं पाठवा म्हणून.

तेव्हापासून रीत पडली. अंबरनाथच्या वाचनालयातून मी कादंबरी आणायची, आधी मी वाचायची, रविवारी हे बहिणीकडे जाताना जीन्सच्या दुकानाच्या पिशवीतून न्यायचे. पिशवी रिकामी परत येत नसे. कधी वालाच्या शेंगा, कधी भेंडी, पावसात रानातली शेवळं. एकदा पुस्तकाशेजारी ओल्या फडक्यात खेकडे बांधून आले. वाचनालयातल्या बाईंनी पान हुंगून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "समुद्रावरची कादंबरी आहे ना."

आणि पिशवी येण्याआधी निकाल यायचा. सुनेने त्यांना फोनवर मराठी टाइप करायला शिकवलं होतं. पूर्ण वाचून झाली की मला मेसेज: "वाचली." नाही आवडली तर: "सोडली." बस. का आवडली, का नाही, काही नाही. मी भली लांबलचक मतं लिहून पाठवायचे, शेवट कसा फसलाय, नायक कसा बुळा आहे. उत्तर यायचं नाही. दगडाला पाझर फुटेल, वन्संना नाही.

आमची आवड जुळेल तर शपथ. शहराला कंटाळून गावी जाऊन राहणाऱ्या माणसाची एक कादंबरी मी आणली होती. नदीकाठी बसतो, मातीचा वास घेतो, त्याला त्याची मुळं सापडतात. खोटं कशाला बोलू, मला शेवटी रडू आलं. आमच्या माहेरी दोन खोल्या आणि खाली रिक्षास्टँड. मातीचा वास म्हणजे मला कुंडीपुरता माहीत. जांभूळहून निकाल आला: "सोडली." मला इतका राग आला की मी चक्क फोन केला. म्हटलं, वन्सं, एवढी सुंदर कादंबरी, काय आवडलं नाही?

"तो बसतो कितीक," त्या म्हणाल्या. "सकाळी बसतो, दुपारी बसतो. गावात एवढा बसणारा माणूस लोक ठेवून घेतील?"

मी फोन ठेवला. वाद घालण्यासारखं होतं, पण सुचलं दुसऱ्या दिवशी.

फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावणीवर एक मोठी कादंबरी वाचली. मला कंटाळा आला. पानापानावर लोक रडतात, आणि रडताना दोन-दोन वाक्यांत तत्त्वज्ञान सांगतात. आमच्या शेजारच्या सिंधी आंटी इथल्याच निर्वासितांच्या बराकीत जन्मल्या. मी त्यांना विचारलं, तुमची आई फार रडायची का हो? त्या म्हणाल्या, "टाइम किधर था? पापड कौन सुखाता?" मी हे सगळं वन्संना लिहून पाठवलं, की ही सोडलीत तरी चालेल. आठवड्याने निकाल: "वाचली." वर पिशवीत बिरड्यासाठी मोड आलेले वाल, नेहमीपेक्षा जास्त. आता यात काय समजायचं?

खुनाची एक होती, केमिकल कारखान्यातली. ती यांनाही वाचायला दिली, कारण उभा जन्म यांनी अंबरनाथला केमिकल कारखान्यातच काढला. दोन पानांत हसून परत दिली. म्हणाले, "या कारखान्यात सगळे बोलतच असतात, माल कधी निघतो?" खुनी मला निम्म्यातच कळला होता. सगळ्या पुस्तकात एकटा तोच सगळ्यांशी गोड बोलत होता. वन्संनी ती दोन दिवसांत संपवली. वाचली.

तर असं आमचं चाललं होतं. मग गेल्या थंडीत वन्संचं पोट दुखायला लागलं. घरगुती काढे झाले, ओवा झाला, शेवटी तपासणीत आतड्याला गाठ निघाली. ऑपरेशन करायलाच हवं, आणि डॉक्टर स्पष्ट बोलले: वय झालंय, शुगर आहे, हृदयही फारसं धड नाही. टेबलावर काय होईल सांगता येत नाही. हे घरी आले, पाणी प्यायले आणि बराच वेळ रिकामा पेला हातात धरून बसले.

अंबरनाथच्या हॉस्पिटलात भरती करायच्या आदल्या दिवशी वन्संचा फोन आला. स्वतःहून, माझ्या फोनवर. असं आधी कधी झालं नव्हतं.

"या टायमाला जाडी पाठव," त्या म्हणाल्या. "जाडजूड. लवकर सरणार न्हाय अशी."

मी म्हटलं, "हॉस्पिटलात कशाला जाडी? हात दुखतील."

"आत जायच्या आधी सुरू करून ठेवीन. अर्धी राहिली म्हंजे मग उठायलाच लागंल ना गो."

मी "बरं" म्हटलं. ही बाई घाबरलीय, हे मला पहिल्यांदा कळलं. वाचनालयात गेले आणि सरळ सांगितलं, तुमच्याकडची सगळ्यात जाड द्या. पाच पिढ्यांची एक कादंबरी निघाली, विटेएवढी. सुरुवातीला वंशवृक्षसुद्धा होता. मला आधी वाचायला वेळच नव्हता, तशीच पाठवली.

ऑपरेशनच्या वेळी मला यायला बंदी होती. "तिला आणू नका, तोंड पाडून बसंल," हा वन्संचा हुकूम. हे आणि भाचा तिथे, मी घरी. भाच्याचा फोन नेमका पाण्यात पडून बंद, म्हणून तो आईच्या फोनवरून खबर द्यायचा. मेसेज लिहिण्यात पोरगा आईवर गेलाय. "आत नेली." मग कितीतरी वेळाने, "बाहेर आणली." संध्याकाळी, "झोपलीय." दुसऱ्या दिवशी मी जाऊन काचेतून बघून आले. नाकात नळी, तोंडावर मास्क, शेजारी टिकटिकणारं यंत्र. डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर येतायत-जातायत, वाट बघू. यांनी काचेवर हात ठेवला होता, तो मी धरून खाली घेतला.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखी आडवी झाले होते. हातात पुस्तक होतं, पण एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. फोन वाजला. वन्संच्या फोनवरून मेसेज. एकच शब्द.

"सोडली."

मी उठून बसले. सोडली म्हणजे? डॉक्टरांनी आशा सोडली? भाच्यासाठी वन्संच्याच फोनवर लावला, तर कुणी उचलेना. यांना लावला, तर हे हॉस्पिटलात आणि यांचा फोन आमच्याच स्वयंपाकघरात चार्जिंगला वाजत होता. त्या क्षणी हे समोर असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

पायात चपला सरकवून खाली आले. शेअर रिक्षात दोघं बसलेले, रिक्षावाला अजून एका सीटची वाट बघत अंबरनाथ, अंबरनाथ ओरडतोय. मी म्हटलं, "निघा हो दादा!" तो म्हणाला, "मावशी, एक सीट आने दो." मी इतक्या जोरात ओरडले, "ती सीटपण मीच समजा!" की शेजारचा माणूस कडेला सरकला. रिक्षा निघाली.

आणि मेलं माझं डोकं असं, की तशातही व्याकरण करत बसलं. प्राण असता तर "सोडला" आला असता. जग असतं तर "सोडलं". "सोडली" म्हणजे आशाच. आशा स्त्रीलिंगी. आशा सोडली म्हणजे अजून जीव आहे, अजून मी पोचू शकते. मग वाटलं, भाचा कुठला एवढं व्याकरण पाळायला. त्या भाकरीचा मी तीस-पस्तीस वर्षं राग धरला होता. आता वन्सं माझ्या हातची भाकरी जन्मभर ताटाखाली सारू देत, पण सारायला असू देत, असं मी कुठल्या देवाला म्हणाले कोण जाणे. शेजारचा माणूस माझ्याकडे बघत होता. बघू दे.

आयसीयूच्या काचेमागे पलंग रिकामा होता. नुसती घडी घातलेली चादर. कुणीतरी मला धरून बाकावर बसवलं, ती नर्स होती. "त्या आजी ना? सकाळीच वॉर्डात सोडलं त्यांना. उठल्यापासून चष्मा मागतायत."

वॉर्डात कोपऱ्यातल्या पलंगावर वन्सं उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा एवढासा झालेला, हाताला सुई, नाकावर चष्मा. फोन आवाज बंद करून उशीखाली. भाचा खाली औषधं आणायला गेलेला, आणि हे स्टुलावर बसल्या बसल्या झोपलेले. ती विटेएवढी कादंबरी टेबलावर पालथी, वर पाण्याचा पेला ठेवलेला.

"मेसेज केला तुला," त्या म्हणाल्या. आवाज कुजबुजल्यासारखा येत होता, पण धार होती. "काय ही कादंबरी पाठवलीस? म्हातारा मरतो, त्याची बायको मरते, तिचं पोर मरतं. अजून तर पहिलाच भाग. इथं पडून मी हे वाचू? तू तरी वाचली होतीस का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग? तू न्हाय वाचली. मी न्हाय वाचली."

"तुम्ही वाचलात, वन्सं," मी म्हटलं. "वाचलात तुम्ही." आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर डोकं टेकून मी हमसून रडायला लागले. हे दचकून उठले आणि घाबरून आधी बहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

वन्संनी सुई टोचलेला हात थोडा उचलला, माझ्या डोक्यावर ठेवला, आणि दुखला असावा म्हणून परत घेतला. मग टेबलावरच्या त्या विटेकडे हनुवटीने खूण केली.

"ही ने परत," त्या म्हणाल्या. "दुसरी आण. आता बारकी आणलीस तरी चालंल."