मिठाचा नेम

“औषध कशाचं केलंय ते आमच्या घरात कुणाला सांगू नका, डॉक्टर,” राजमती मिरजेच्या दवाखान्यात म्हणाली होती. इन्शुलिन कापलेल्या जनावरांच्या पोटातल्या ग्रंथीतून काढतात, हे तिनंच खोदून विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं. मधुमेह झालेल्या नऊ वर्षांच्या लेकीला, पद्माला, ते रोज दोनदा, जन्मभर टोचायचं होतं; आणि सुईनंतर पोर उपाशी राहिली तर साखर उतरून जिवावर बेतेल, असंही त्यांनी बजावलं होतं.

साल चौऱ्याहत्तर. माधवनगरातलं हे जैनांचं घर पाणी गाळून पिणारं, दिवस मावळायच्या आत जेवणारं. राजमतीनं बाटली गारव्याला ओल्या मडक्यात ठेवली, काचेची सिरिंज उकळायला शिकली, आणि त्याच चातुर्मासात मुनिमहाराजांपुढं हात जोडून दिवाळीपर्यंत मीठ सोडलं. कशापायी, ते त्यांनाही सांगितलं नाही. मुक्या जिवाचं मरण आपल्याच हातानं लेकीच्या अंगात जातं, हे तिला कुठंतरी फेडायचं होतं.

सासू अंजनाबाई मात्र गल्लीभर सांगत सुटली, “लेक बरी व्हावी म्हणून मीठ सोडलंय सुनेनं. हाय का कुणाची छाती?”

राजमतीनं ते तसंच चालू दिलं. खोटा मान अंगावर घेणं सोपं होतं. पद्मा तेवढी आईच्या अळणी आमटीकडं टक लावून बघायची.

भाद्रपदात एकदा दिवेलागणीला पद्मा गोठ्याच्या दारात घामानं भिजून कोसळली. दिवस मावळला होता, तरी राजमतीनं तिच्या हिरड्यांना साखर चोळली. पोरीनं डोळे उघडले तेव्हा कुठं म्हशीच्या गव्हाणीत पडलेली भाकरी राजमतीला दिसली.

“सुई घेऊन भाकरी टाकलीस? का गं?”

“मीपन नेम धरलाय. भाकरीचा. मग मी बरी व्हईन आन तू मीठ खाशील. माझ्यामुळंच तुझं जेवान अळणी झालंय न्हवं?”

आपण स्वतःला दिलेली शिक्षा पोरीनं कधी उचलली, ते राजमतीला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुई झाली, ताटं मांडली. पद्मा हात मांडीवर ठेवून बसली.

“खा की, बाय,” बाप पायगोंडा विनवू लागला. गिरणीतून तो नुकताच आला होता. “आईचं काय धरून बसलीस? लय हट्टी हाय ती. तुझ्यावरच गेलीय.”

कुणी हसलं नाही.

“आधी आईनं,” पद्मा म्हणाली.

राजमती उठली. मिठाची बरणी घेऊन आली, चिमूट आमटीत टाकली आणि घास घेतला. दोन महिन्यांनी मीठ जिभेला लागलं. ते गोड लागलं, याचीच तिला लाज वाटली. पद्मानं भाकरी मोडली.

“अगं बया!” अंजनाबाई ओरडली. “महाराजांम्होरं घेतलेला नेम! आन पोरगी कुठं बरी झालीय अजून? खरं सांग, कशापायी धरला हुतास?”

पद्माचा घास हातातच राहिला. ती आईकडं बघू लागली.

खरं सांगितलं तर उद्या ती सुई घरात राहणार नव्हती. सासूनं राहू दिली असती, तरी मुंगीला वळसा घालून चालणारी ही पोर दंड पुढं करणार नव्हती.

“जेव,” राजमती लेकीला म्हणाली.

“मी काय इचारतीय?” सासूचा आवाज चढला.

पद्माचं ताट रिकामं होईपर्यंत राजमती तिच्या शेजारून हलली नाही. मग उठली, हात धुतला, पदर डोक्यावर ओढला आणि मोडलेल्या नेमाचं प्रायश्चित्त मागायला मुनिमहाराजांकडं निघून गेली.