खाट न्यायला येणारा माणूस

आमच्या विभागाचं नाव होतं 'उपशामक सेवा'. ते न अडखळता उच्चारणारी माणसं तेव्हा सगळ्या शहरात पाच-सहाच असतील, आणि ती सगळी आमच्याच हजेरीपटावर होती. बाकी लोक आम्हाला सरळ 'खाटवाले' म्हणत. ज्यांचा आजार बरा होणार नाही अशांच्या घरी आम्ही डॉक्टर, नर्स, औषधं सगळं पाठवायचो. पण सगळ्यात आधी दारात उतरायची ती लोखंडी खाट. हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर होणारी, वर हवेची गादी, गादीला गुरगुरणारा पंप. ही खाट पोचवायला आणि माणूस गेल्यावर परत आणायला एकच गृहस्थ होते. ऑफिसात त्यांना सावकाशराव म्हणत.

हे नाव काही कौतुकाने पडलेलं नव्हतं. खाट पोचवायची असली की ते तासाभरात हजर. आणायला मात्र गेले की गेलेच. व्हॅन रिकामी परत यायची. "काय हो, खाट कुठे?" असं विचारलं की म्हणायचे, "आज नाही. सावकाश आणू." साठीला टेकलेले, बोलणं कमी, आणि शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात तिथे यांचा पाना.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. संख्याशास्त्राची पदवी ताजी होती आणि जगातली प्रत्येक गोष्ट तक्त्यात बसते अशी माझी पक्की समजूत होती. आज ते दिवस आठवले की त्या मुलीचं हसू येतं आणि थोडा हेवाही वाटतो. मला संशोधनासाठी नेमलं होतं. माणूस गेल्यावर तीन महिन्यांनी त्या घरी जायचं आणि घरच्यांना बावीस प्रश्न विचारायचे. त्यातला नववा असा: 'त्या दिवसांत तुम्हाला कोणाचा आधार वाटला?' पुढे चौकोन. डॉक्टर, नर्स, समुपदेशक, माहितीपत्रक, नातेवाईक, इतर.

माहितीपत्रक मीच लिहिलेलं होतं, त्यामुळे त्या चौकोनावर माझा जीव. एका घरात ते घडी घालून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारलेलं दिसलं, तेव्हा तो नाद मी सोडला. लोक बोट ठेवायचे ते 'इतर'वर. "इतर म्हणजे कोण?" विचारलं की उत्तर एकच. "ते नाही का, खाट न्यायला आलेले."

एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला सगळं सांगितलं. यजमान गेल्यावर चौथ्या दिवशी सावकाशराव आले. बाईंना वाटलं, आता खाट जाणार. यांनी पंप बंद केला, पाणी मागून प्यायले आणि यजमानांविषयी विचारू लागले. कुठल्या कुशीवर झोपायचे, उशी किती उंच लागायची, शेवटी शेवटी कोणाची आठवण काढायचे. "मी जेवले का हे सगळे विचारत होते," बाई म्हणाल्या, "पण ह्यांच्याबद्दल कोणी अक्षर काढत नव्हतं. जसं काही घरात ह्यांचं नाव घेतलं की मी फुटेनच." निघताना सावकाशराव एवढंच म्हणाले, "खाट तुम्ही सांगाल तेव्हा नेऊ." बाई आठवडाभर त्या खाटेवर झोपल्या. मग एका सकाळी त्यांनाच वाटलं, पुरे. फोन केला. ते आले आणि पाना बाईंच्याच हातात दिला. "म्हणाले, मी धरतो, तुम्ही फिरवा. अहो, मी जन्मात पाना धरला नव्हता. रडत रडत चारही नट काढले मी."

प्रत्येक घरात थोड्याफार फरकाने हेच. एका गॅरेजवाल्याने तर सांगितलं, "त्यांचा पाना झिजलेला होता. वडिलांची खाट मी माझ्या पान्याने खोलली."

आता आमचे विभागप्रमुख डॉक्टरसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या टेबलावर काचेखाली प्रतीक्षायादी असायची, आणि ती त्यांना सुखाने चहा पिऊ देत नसे. "सात पेशंट जमिनीवर झोपलेत," ते मला म्हणाले. "आणि आपल्या खाटा सरासरी नऊ दिवस लोकांच्या घरांत रिकाम्या पडून. एक बाई खाटेची वाट बघत गेल्या, ते तुझ्या तक्त्यात कुठे आहे?" ते कुठेच नव्हतं. साहेबांनी ठरवलं होतं, खाट अठ्ठेचाळीस तासांत परत यायची आणि हे काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं. म्हणजे सावकाशरावांना नारळ. शेवटचा निर्णय माझ्या अहवालावर होता.

खाटांच्या नोंदवहीचे तक्ते साहेबांपुढे होते. घरांना फक्त क्रमांक होते, नावं गुप्त. साहेबांनी एका ओळीखाली रेघ मारली. "घर क्रमांक एक्केचाळीस. मृत्यू आणि खाट परत, तारीख एकच. यांना जमलं, मग बाकीच्यांना काय धाड भरलीय?"

माझ्याकडे त्या घराची मुलाखत नव्हती. मुलाखतीच्या यादीतून ते वगळलेलं होतं, का ते कोणी लिहिलं नव्हतं. मी खाली अंगणात गेले. सावकाशराव नळाजवळ बसून परत आलेल्या खाटेची जाळी साबणाने घासत होते. मी काही न लपवता सगळं सांगितलं. ठेकेदार, अठ्ठेचाळीस तास, ती ओळ. मग विचारलं, "काका, एक्केचाळीस नंबरचं घर कुठलं?"

ब्रश थांबला नाही. "ते माझंच, ताई."

त्यांची बायको चार महिन्यांपूर्वी गेली होती आणि मला ते माहीत होतं. सगळ्या ऑफिसला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ते कामावर आले, आम्ही जिन्यात गाठून दोन शब्द बोललो आणि मोकळे झालो. मी तर बहुतेक बोलता बोलता घड्याळही बघितलं होतं.

"त्याच दिवशी का काढलीत खाट?"

"यादीत पुढे एक म्हातारे शिंपी होते. जमिनीवर झोपवलेले. त्यांची कूस बदलताना सुनेच्या कमरेचा काटा ढिला व्हायचा. मी आदल्याच दिवशी बघून आलो होतो. हिला निरोप देऊन आलो आणि खाट तिकडे नेली."

"मग बाकीच्यांकडून लगेच का नाही आणत?"

त्यांनी नळ बंद केला. "मी लगेच काढली म्हणूनच नाही आणत. घरी आलो तर फरशीवर नुसते चार चाकांचे डाग. लोकांना मी सांगतो, सावकाश. मला सांगायला कोण येणार? घरोघरी जाणारा माणूस मीच. लिहा तुम्ही हे. पण त्या शिंप्याचंही लिहा. ते खाटेवर बारा दिवस जगले आणि सुनेची झोप झाली. तेही खरंच आहे."

मी दोन्ही लिहिलं. तक्त्यात बसत नव्हतं, म्हणून खाली सलग परिच्छेद लिहिला, आयुष्यातला पहिलाच. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि ठेकेदाराचा कागद फाडला. पुढे दोन वर्षं ते जुन्या दवाखान्यांचे उंबरठे झिजवत राहिले आणि अडगळीतल्या चौदा खाटा मिळवल्या. सावकाशराव निवृत्त होईपर्यंत त्यांच्या पद्धतीनेच जात राहिले. आता खाट मोबाईलवरून मागवतात आणि ती मोबाईलवरूनच परत जाते. मला त्या रिकाम्या परत येणाऱ्या व्हॅनची फार आठवण येते.

पण त्या दिवशी अहवाल मिटून साहेब एवढंच म्हणाले, "चल." संध्याकाळी आम्ही सावकाशरावांच्या घरी गेलो, तिसऱ्या मजल्यावर. त्यांनी दार उघडलं आणि बघतच राहिले. साहेब स्वतः दारात, म्हणजे काहीतरी तातडीचं असणार. त्यांनी खुंटीवरची व्हॅनची किल्ली काढली, चपला पायांत सरकवल्या आणि विचारलं, "कुणाकडे जायचंय?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "तुमच्याकडेच आलोय, काका."

ते किल्ली धरून तसेच उभे राहिले. मग चपला काढायला म्हणून उंबऱ्यातच खाली बसले.