चौदा चुकांचं पत्र

फ्रेंच शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली, आणि प्रश्न तेच. टेबल स्त्रीलिंगी का? 'तू' कुणाला म्हणायचं आणि 'तुम्ही' कुणाला? निम्मी अक्षरं उच्चारायचीच नाहीत, तर लिहायची कशाला? उत्तरं देऊन देऊन माझ्या तोंडाला फेस आलाय.

पण प्रूफवाल्या बाईंइतकं मला कुणी छळलं नाही. वय बासष्ट, छापखान्यात चाळीस वर्षं प्रूफं तपासलेली. नात परदेशात वाढलेली, नऊ वर्षांची, फ्रेंचखेरीज काही येत नाही. फोनवर दोघी नुसत्या हसायच्या. म्हणून बाई माझ्या वर्गात, पहिल्या बाकावर, कानावर लाल पेन्सिल खोचून. एकदा माझ्या फळ्यावरची चूक त्यांनी काढली, तेव्हापासून मी जरा वचकूनच असे.

"मजकुरात गुंतलं की चूक निसटते, सर," त्या सांगत. "म्हणून ओळ शेवटाकडून तपासायची, एकेक शब्द सुटा." ढीगभर कादंबऱ्या हाताखालून गेल्या, पण गोष्ट विचाराल तर ठणठणगोपाळ.

त्या मंगळवारी तास सुटल्यावर त्या एक कागद घेऊन आल्या. नातीचं पहिलं पत्र, आठ दिवसांपूर्वी आलेलं. पानभर लाल खुणा.

"चौदा चुका," त्या कौतुकाने म्हणाल्या. "तेरा माझ्या मला उलगडल्या. ही एक सांगा. 'गेली', 'आली', 'पडली' यांनाच भूतकाळात वेगळं साहाय्यक क्रियापद का लागतं? पोरीने नेहमीचंच लावलंय."

हजारदा ऐकलेला प्रश्न. उत्तर जिभेवर तयार होतं. मी चूक पाहिली, मग वाक्य पाहिलं.

"बाई, तुम्ही हे वाचलंत?"

"तीनदा तपासलं."

"तपासलंत हो. वाचलंत का?"

मग मीच मराठीत वाचून दाखवलं. 'आई जिन्यावरून पडली. दवाखान्यात आहे, तिला उठता येत नाही. आजीला सांगू नकोस म्हणते. पण मी सांगते. आजी, तू ये.'

"रविवारी लेक फोनवर म्हणाली, सर्दी झालीय," बाई पुटपुटल्या. "मी म्हटलं, गरम पाणी पी."

मला आधी त्यांचा संताप आला. आठ दिवस पत्र उशाशी, आणि बाईंना पत्ता नाही! मग लक्षात आलं, मीही आधी चूकच पाहिली होती. मी खुर्ची ओढून खाली बसलो.

माझ्याच फोनवरून नंबर लावला. नातीने उचलला. बाई उभ्यानेच बोलू लागल्या. लिंग, काळ, तू-तुम्ही, सगळ्याचा बट्ट्याबोळ. मी एकही चूक काढली नाही. येते, एवढं मात्र तीनदा म्हणाल्या.

मग पोरीने विचारलं, "आजी, माझं पत्र कधी मिळालं?"

"आठ दिवस झाले," बाई म्हणाल्या. "वाचलं आज."